हाताळणी कोणाची?

कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींना हात लावायला भिणारा माणूस मला आवडतो. त्याच्याकडं गेलं की अर्धं काम झालेलंच असतं, कारण त्यानं काही बिघडवलेलं नसतं. मला संताप येतो तो बिनधास्त हात घालणाऱ्याचा. आणि त्याहून जास्त, हात घालून मोकळं झाल्यावर दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्याचा.

यवतमाळ जिल्ह्यात मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. कॉम्प्युटर बसवायचे, वायरी जोडायच्या, बंद पडले की उघडायचे. संपादक म्हणाले, "ताई, दिवाळीचा अंक आहे, गमतीजमती लिहा." गमती आहेत, लिहिते. पण रेखाची गोष्ट त्यात बसत नाही आणि ती लिहिल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. कारण तिची नोकरी गेली ती माझ्या हातच्या दोन शब्दांनी.

आधी माझं सांगते. माझा बाप दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी चालवायचा. मी बी.एस्सी. आहे. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी जिथं जाईन तिथं सांगते, लोकांना मोठेपणा वाटला तर वाटू दे. कारण हातात बॅग घेऊन दारात उभी राहिले की आजही पहिला प्रश्न येतो, "साहेब मागून येऊन राह्यले का?" मी म्हणते, "साहेब म्हणजे मीच." मग माणूस माझ्या बॅगेकडं बघतो, माझ्याकडं बघतो आणि नाइलाजानं पंखा लावतो.

पुसदच्या एका डॉक्टरांनी तर मला दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत तासभर बसवलं होतं. त्यांचा मॉनिटर बंद होता. नवा आणला, तोही बंद. शेवटी मला आत घेतलं. त्यांच्या मशीनला मागं मॉनिटरची दोन भोकं होती, एक मूळचं, एक नंतर घातलेल्या कार्डाचं. चित्र कार्डातून येत होतं आणि केबल मूळच्याला लावलेली. मी केबल काढली, चार बोटं खाली लावली. चित्र आलं.

"एवढंच होतं?" डॉक्टर म्हणाले.

"एवढंच. तुम्ही नाडी चुकीच्या हाताची नाही, चुकीच्या माणसाची धरून बसला होता."

त्यांना ते आवडलं नाही. पुन्हा बोलावलं नाही. नका बोलावू.

या कामात कळायचं काय असतं, ते न केलेल्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरच्या पाठीला जी भोकं असतात त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. प्रत्येकाचा आकार वेगळा, तो उगाच नाही. मॉनिटरची जुनी केबल निळ्या तोंडाची, पंधरा बारीक पिनांची. तिचं तोंड एकीकडं रुंद, एकीकडं अरुंद, म्हणजे उलटी बसूच नये. दोन्ही बाजूंना आवळायला स्क्रू. नेटच्या केबलला पारदर्शक प्लास्टिकचं डोकं, त्यावर एक जिभली. टक् असा आवाज आला की बसली. स्पीकरची पिन हिरवी, माइकची गुलाबी, भोकंही त्याच रंगाची. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह यांना चपटं यूएसबी. ज्यानं हे बनवलं त्यानं वाचता न येणाऱ्या माणसाचाही विचार केला होता.

एकाच जागी तो चुकला. यूएसबीचं टोक नेटच्या भोकात जातं. जवळजवळ फिट जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बसलं. आत मात्र नेटच्या आठ सोनेरी तारा असतात केसासारख्या, त्या वाकतात. बाभुळगावच्या एका कृषी केंद्राच्या मालकानं प्रिंटर असाच जोडला होता. मी म्हटलं, "भाऊ, हे भोक नेटचं आहे." तर मलाच म्हणतो, "कायचं नेटचं? बसली ना फिट! सैल असती त मी मानलं असतं."

माझा बाप गाडीचा नट बसवताना म्हणायचा, "आधी बोटानं फिरव. बोटानं चढला तरच पान्हा लाव. नाही त आटे गेले समज." माझं सगळं शिक्षण एकीकडं आणि ते वाक्य एकीकडं. केबल बोटांच्या जोरावर बसत नसेल तर ती तिथली नाही. हात थांबला की माणसानं थांबावं. आमच्याकडं हात थांबला की माणूस तळहात लावतो.

आता रेखा.

बाभुळगाव तालुक्यातली एक शाळा. नाव लिहीत नाही. तिथं कॉम्प्युटरची खोली होती, चौदा मशीन, आणि त्या खोलीची शिक्षिका म्हणजे रेखा. दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची. बी.सी.ए. झालेली आणि माझ्यासारखीच घरातली पहिली. नेमणूक वर्षावर, दरवर्षी दिवाळीनंतर नवा आदेश निघायचा. मी त्या शाळेत सर्व्हिसला जायची. पहिल्याच भेटीत तिनं वही काढली आणि म्हणाली, "ताई, मशीनच्या मागं काय काय आहे ते सांगा. मले सगळं जोडता आलं पाहिजे, तुमची वाट पाहायची नाही." बावीस वर्षांत मला असं विचारणारं दुसरं कोणी भेटलेलं नाही.

मी तिला माझी युक्ती शिकवली. नेलपॉलिश. केबलच्या टोकाला एक ठिपका, तिच्या पोर्टच्या बाजूला त्याच रंगाचा एक ठिपका. मॉनिटर लाल, कीबोर्ड जांभळा, माउस गुलाबी, नेट सोनेरी. आंधळ्यानंही जोडावं. रेखानं एका शनिवारी बसून चौदाही मशीनला ठिपके लावले. वर मला म्हणाली, "आमची याडी म्हणते, स्वतःच्या नखाले लावत नाही आन् डब्ब्याले कायले लावतं?" याडी म्हणजे तिची आई.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-वखर पूजतो, न्हावी वस्तरा पूजतो, माझा बाप गाडी धुऊन हार घालायचा. मी माझी केबलची पक्कड आणि पेचकस पूजते. तेव्हा पूजेला माझं काही म्हणणं आहे असं कोणी समजू नये.

त्या वर्षी शाळेत कोणी पाहुणे येणार होते. मुख्याध्यापक सरांच्या मनात आलं, मशीनची पूजा पाहुण्यांच्या हातून व्हावी, पण त्या कोंदट खोलीत नको, फोटो चांगले येणार नाहीत. मशीन मोठ्या हॉलमध्ये रांगेत मांडा. रेखा त्या दिवशी शाळेत नव्हती. सरांनीच तिला शाळेची माहिती भरायला तालुक्याला पाठवलं होतं. जाताना तिनं खोलीच्या फळ्यावर लिहिलं होतं, "कृपया कोणीही केबल काढू नये." शिपायांनी केबल काढल्या. चौदा मशीनच्या. ओढून. मशीन हॉलमध्ये गेली, पूजा झाली, फोटो झाले. मग मशीन परत आणून सगळ्या केबल पुन्हा खुपसल्या.

दसऱ्यानंतर मला फोन आला. "मॅडम, सगळे कॉम्प्युटर एकदम मेले."

मी गेले. दारातच उभी राहिले. फळ्यावर रेखाचं अक्षर तसंच होतं आणि त्याच्यावरून झेंडूचं तोरण सोडलेलं.

मशीन चालू केली की पडद्यावर एक ओळ यायची की यूएसबीत गडबड आहे, आणि पंधरा सेकंदांत मशीन स्वतःच बंद. समोरच्या दोन यूएसबी भोकांत बॅटरी मारली. आत लाल. ओलं हळदकुंकू चांगलं बोटानं दाबून भरलेलं आणि त्यात तांदूळ. पूजा करणाऱ्याला वाटलं असणार, समोर दिसतं ते मशीनचं तोंड. माणसाच्या कपाळाला लावतात, मशीनच्या तोंडात भरलं. वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं. चौदापैकी अकरा मशीनचं हे.

मग मशीन फिरवून पाठी बघितल्या आणि माझं डोकं फिरलं. लाल ठिपक्याची केबल, निळं तोंड उलटं करून ठोकलेली. पिना वाकलेल्या, दोन ठिकाणी तुटलेल्या. गुलाबी जांभळ्यात. आणि पाच मशीनच्या नेटच्या भोकात यूएसबी, सोनेरी ठिपक्याच्या शेजारी. रेखानं जोडलं असतं तर एकही ठिपका चुकला नसता. त्या खोलीत जे झालं ते रेखानं केलेलं नाही, एवढं तर नेलपॉलिशच सांगत होतं.

शिपाईकाका दाराशी उभे होते. वयानं मोठे, भला माणूस.

"काका, हे तुम्ही लावलं?"

"मंग कोण लावीन? सर म्हणे, पाहुणे जेवून येईलोक सगळं जागच्या जागी पाहिजे. मले काय समजते बाई. भोक दिसलं तिथं खुपसलं."

"बसत नव्हतं ना?"

"नव्हतं ना. म्हणून त बुक्की मारली."

त्यांच्यावर मी चिडले नाही. माणसानं खरं सांगितलं. चिडायचं ते पुढं.

दोन दिवस मी आणि रेखा त्या खोलीत बसलो. दात घासायचा ब्रश, साफ करायचं स्पिरिट, चिमटा. एकेक तांदूळ काढला. सुईनं एकेक पिन सरळ केली. नऊ मशीन उठली. पाच राहिली. रेखा एकदाच म्हणाली, "ताई, मी लिवलं होतं फळ्यावर." मी म्हटलं, "पाह्यलं मी."

आमच्या धंद्यात काम संपलं की एक रिपोर्ट लिहायचा असतो. छापील फॉर्म, मध्ये कार्बन, तीन प्रती. तक्रार काय, दोष काय आढळला, दोषाचं कारण काय, यंत्र कोणाच्या ताब्यात, आणि शेवटी ग्राहकाची सही. सही झाल्याशिवाय काम संपलं असं आमच्याकडं धरत नाहीत. म्हणजे बघा, आजार कशानं झाला ते लिहायचं डॉक्टरनं, आणि ते खरं आहे का यावर सही करायची ज्यानं तो आजार केला त्यानं.

मी सरांच्या खोलीत बसले. रेखा भिंतीशी उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही.

मी कारणाच्या रकान्यात लिहायला लागले तर सर म्हणाले, "मॅडम, पूजेचं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"धार्मिक गोष्ट आहे. पाहुण्यांच्या हातून झाली आहे. त्यांच्यापर्यंत गेलं तर काय म्हणतील? तुमचं जे नेहमीचं असते ना, ते लिहा."

"पूजेनं नाही झालं सर. भोकात कुंकू भरल्यानं झालं आणि केबल ठोकल्यानं झालं."

"तेच ते. मग मी सही नाही करणार. बसा तुम्ही रिपोर्ट घेऊन."

नेहमीचं म्हणजे दोन शब्द: चुकीची हाताळणी. आम्ही ते शेकडो फॉर्मवर लिहितो. चहा सांडला, चुकीची हाताळणी. उंदरानं वायर खाल्ली, चुकीची हाताळणी. मला त्याच दिवशी दारव्ह्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. जीप भरायला लागली होती. दोन दिवस स्पिरिटच्या वासानं डोकं दुखत होतं. आणि आज लपवून काय करू, 'ही बाई भांडखोर आहे' हे नाव मला नको होतं, तेव्हा तरी. मी लिहिलं, चुकीची हाताळणी. मनाशी म्हटलं, खोटं कुठं लिहिलं? हाताळणी चुकीचीच आहे.

सरांनी झटकन सही केली.

रेखा पुढं आली, फॉर्म वाचला. हळूच म्हणाली, "ताई, कोणाची हाताळणी ते नाही लिवलं."

"अगं, ते सगळ्यांना माहीत आहे ना."

"माहीत आहे. पण कागदावर नाही."

मी बॅग उचलली आणि निघाले. 'यंत्र कोणाच्या ताब्यात' या रकान्यात तिचं नाव होतं, ते मीच पहिल्या दिवशी लिहिलं होतं, सवयीनं. त्याच्या खाली आता चुकीची हाताळणी. दोन्ही ओळी एकाखाली एक. जीपमध्ये बसून मी झोपले.

पुढच्या वेळी त्या शाळेत गेले तेव्हा हिवाळा संपत आला होता. खोलीत दुसरेच गुरुजी होते. मी विचारलं, "रेखा मॅडम?"

सर आतून म्हणाले, "त्यांचा आदेश नाही निघाला या वर्षी. पाच कॉम्प्युटर खराब केले न त्यांनी. तुमचाच रिपोर्ट लावला आहे फाइलला."

तुमचाच रिपोर्ट. त्यांनी हे असं सांगितलं, जसं माझं कौतुकच करत होते.

मी त्यांना जे बोलले ते अंकात छापता येणार नाही. त्यांनी शिपाईकाकांना बोलावून मला बाहेर जायला सांगितलं. काका मान खाली घालून माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. "मी सांगतलं होतं बाई सरले, की मीच खुपसलं. सर म्हणे, तुम्हाले कोणी विचारलं?"

मी तांड्यावर गेले. रेखा कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून आली होती, हाताला ओरखडे. याडीनं पाणी दिलं. माझ्याकडं बघून मुलीला गोरबोलीत काहीतरी म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, हीच का ती बाई?"

मी म्हटलं, "मी दुसरा रिपोर्ट लिहितो. सगळं खरं. तारखेसकट, नावासकट." आमच्याकडं बायाही करतो, लिहितोच म्हणतात.

रेखा म्हणाली, "आता कायले? तवा तुमची जीप निंघून राह्यली होती."

घरी येऊन मी रिपोर्ट लिहिला. फळ्यावरची ओळ लिहिली, कुंकू लिहिलं, बुक्की लिहिली, ठिपक्यांचं लिहिलं, त्या दिवशी रेखाला बाहेर कोणी पाठवलं तेही लिहिलं. शाळेनं तो आवक करून घेतला नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोच आली, उत्तर नाही. संस्थेला पाठवला, त्यांनी तो चौकशीसाठी पुन्हा शाळेकडंच पाठवला. रेखाला नोकरी परत मिळाली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही मिळाली. सर सन्मानानं निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळ.

तेव्हापासून मी नुसतं 'चुकीची हाताळणी' लिहीत नाही. कोणी केलं, कशानं केलं, लिहिते. लोक सही करत नाहीत. मी फॉर्मवर लिहिते, "सही देण्यास नकार" आणि निघते. त्यामुळं दोन बँका, एक पतसंस्था आणि बऱ्याच शाळा मला बोलावत नाहीत. ही बाई भांडखोर आहे असं आता सगळे म्हणतात. जे नाव चुकवायला तेव्हा गप्प बसले ते शेवटी लागलंच.

रेखानं दोन वर्षांनी दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. मला बोलावलं नाही. मी रस्त्यावरून जाताना बघायची. तिच्या मशीनच्या मागं ठिपके होते. खंडेनवमीला ती सगळ्या भोकांना चिकटपट्टी लावायची, झाकणावर कुंकवाचं एक बोट, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची. एवढं सोपं होतं ते.

यंदा पावसाळ्यात तिचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला. "ताई, नेट लागत नाही. या."

दुकानासमोर रांग होती, कसल्याशा फॉर्मचा शेवटचा दिवस. मी मशीन फिरवली. नेटच्या भोकात प्रिंटरची यूएसबी. ठिपके घासून गेलेले, नवे लावायला वेळ झाला नसणार. गर्दीत तिनं न बघता हात मागं घातला, चाचपडत घुसवली, बसली असं वाटलं. आतल्या सोनेरी तारा वाकल्या होत्या. मी चिमट्यानं सरळ केल्या. एक तुटली होती, म्हणून नेटसाठी वेगळं कार्ड घातलं. नेट आलं. रांग हलली.

मी रिपोर्टचं पुस्तक काढलं. कारणाचा रकाना आला आणि माझा हात अडखळला. तिच्याच दुकानात, तिच्याच समोर, तिचं नाव मी कसं लिहू? पेन सवयीनं चाललं: चुकीची हाताळणी. पूर्णविराम दिला.

रेखानं काउंटरच्या पलीकडून वाकून कागदावर बोट ठेवलं.

"कोणाची?"

"अगं, दुकान तुझंच आहे. इथं कोण विचारते?"

"कोणाची ते लिवा, ताई."

रांगेतला एक जण म्हणाला, "मॅडम, आमचा फॉर्म?"

"थांब भाऊ," ती म्हणाली. बोट तिथंच.

मी लिहिलं, "हाताळणी: रेखा, स्वतः. गर्दीत न पाहता यूएसबी नेटच्या पोर्टमध्ये घातली."

तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. सही केली. कार्बनखालची प्रत फाडून घेतली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हात पुढं केला.

"आण भाऊ तुझा फॉर्म."